अडुसष्ट ओळी

९ नोव्हेंबर, सोमवार

मोठ्या बाईंनी मधल्या सुट्टीत बोलावून घेतलं. मुख्याध्यापिका माझ्याहून सहा वर्षांनी लहान, एके काळी माझ्याच हाताखाली शिकवायला लागल्या, पण खुर्चीचा मान म्हणून मीही त्यांना मोठ्या बाईच म्हणते. त्या म्हणाल्या, "बाई, तुमच्या नाटकावर सिनेमा आलाय."

माझं नाटक! लिहिणारा जाऊन दीडशे वर्षं झाली, पण अठ्ठावीस वर्षं दहावीला मीच शिकवते, म्हणून शाळेपुरतं ते माझं झालंय. शहराच्या वेशीवर एक म्हातारा द्वारपाल. सूर्य बुडाल्यावर कुणासाठीही दार उघडायचं नाही, असा राजाचा हुकूम. एका संध्याकाळी त्याची स्वतःची मुलगी उशिरा पोहोचते आणि तो दार उघडत नाही. सकाळी ती बाहेर गारठून मेलेली सापडते. शेवटच्या अंकात तो त्या लोखंडी दारालाच उद्देशून बोलतो. सलग अडुसष्ट ओळी. दहावीच्या प्रत्येक पोराला त्या पाठ असतात. व्हरांड्यात एकमेकांना टपल्या मारतानासुद्धा पोरं "ऐक, लोखंडा!" असं ओरडतात, इतकं ते भाषण अंगात भिनलेलं.

सिनेमा वर्गात दाखवायचा की नाही हे ठरवायला तिघांची समिती नेमली आहे. मी, सिनेमा सुचवणाऱ्या नव्या बाई आणि इतिहासाचे सर. संस्थेच्या अकराही शाळांना आमचा निर्णय लागू होणार. एकदा नाही म्हटलं की तीन वर्षं तो विषय परत मांडता येत नाही. हा नियम आणि अभिप्रायाचा तक्ता दोन्ही वीस वर्षांपूर्वी मीच आखलेले आहेत, त्यामुळे अध्यक्ष कोण हे कुणी विचारलं नाही.

घरी आले तर देखभालीला ठेवलेल्या मावशींनी ह्यांना खिडकीशी बसवलं होतं. मावशी सकाळी मी निघायच्या आधी येतात, मी आले की जातात. त्या गेल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. शाळेतलं घरी येऊन सांगायचं हे एकतीस वर्षं चाललंय. हे घड्याळजी. दिवसभर डोळ्याला भिंग लावून मान मोडायची, आणि संध्याकाळी माझी बडबड ऐकायची. मध्येच एखादा शब्द पकडून "बाई, चूक झाली" म्हणून फिरकी घ्यायचे. आज सगळं ऐकून म्हणाले, "बरं."

एप्रिलमध्ये झटका आला तेव्हापासून उजवी बाजू गेली आणि एवढा एकच शब्द उरला. चहा हवा तरी बरं, नको तरी बरं, पाय दुखला तरी बरं. दुसरा झटका कधीही येऊ शकतो, जपा, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलंय. मी फार काही मागत नाही. वर्ष संपायच्या आत ह्यांच्या तोंडून एक पूर्ण वाक्य ऐकायचंय. कर्ता, कर्म, क्रियापद. बाकी सगळं चालवून घेईन.

१० नोव्हेंबर, मंगळवार

बोलण्याचा सराव घेणाऱ्या थेरपिस्ट मुलीने मेच्या सुरुवातीलाच चित्रांची कार्डं दिली आहेत. कप, खुर्ची, चावी, घड्याळ, पाणी अशी चाळीस. ती म्हणते दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं, त्याहून जास्त ताणू नका. तिचं वय पंचवीस. मी मुलांकडून पाठांतर करून घेण्यात जन्म घालवला. दहा मिनिटांत तर मुलांची वही उघडत नाही. आम्ही सकाळी पाऊण तास आणि संध्याकाळी पाऊण तास बसतो. वही घातली आहे, तारीखवार गुण मांडते.

आज सकाळी: कप, बरं. खुर्ची, बरं. पाणी म्हणताना ओठ मिटले, "प"सारखं काही झालं असं मला वाटलं, अर्धा गुण दिला.

संध्याकाळी मात्र लक्ष नव्हतं. कार्ड पुढे केलं की डाव्या हाताने माझं मनगट धरतात. आठवडाभर हेच चाललंय. आयुष्यभर लोकांच्या मनगटावरची घड्याळं उतरवून घेतलेला माणूस, दुसरं काय सुचणार! मी खूश झाले, म्हटलं शब्द ह्यांनी स्वतःच निवडलाय. घड्याळ काढून त्यांच्या हातात दिलं. "म्हणा, घ-ड्या-ळ." त्यांनी ते पांघरुणावर ठेवून दिलं आणि परत मनगट धरलं. मी म्हटलं, "अहो, घड्याळ इथे आहे. हे बघा. हात नव्हे, घड्याळ." त्यांनी डोळे मिटून घेतले. दमले असतील. शून्य लिहिलं, पण पुढे "प्रयत्न चांगला" असा शेरा दिला.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

आज सिनेमा पाहिला. वाचनालयामागच्या खोलीत, दुपारी, पडदे ओढून.

माझी पद्धत ठरलेली आहे. मूळ नाटकाची प्रत मांडीवर, पेन्सिल हातात, छोटी बॅटरी. ऐकलेली प्रत्येक ओळ पुस्तकात शोधायची. आहे तिथे टिंब, बदलली तिथे नागमोडी, गाळली तिथे फुली. पेपर तपासताना मुलाच्या चेहऱ्याकडे बघायचं नसतं, तसंच हे.

नाटक आजच्या काळात आणलंय. वेशीऐवजी मोठ्या वसाहतीचं फाटक, द्वारपालाऐवजी तिथला पहारेकरी, राजाच्या जागी वसाहतीची कमिटी. साथीचे दिवस, इस्पितळातून येणाऱ्या कुणालाही आत सोडायचं नाही असा नियम, आणि मुलगी परिचारिका. कल्पना वाईट नाही, हे मान्य करायला हवं. पण भाषा! पहिल्या अंकातल्या दोनशे दहा ओळींपैकी टिंबं सव्वीस. दुसऱ्या अंकात एकोणीस. फुल्या मारून मारून पेन्सिल बोथट झाली.

शेवट तर कहरच. मुलगी गेल्याचं कळल्यावर पहारेकरी तोंडच उघडत नाही. मी अडुसष्ट ओळींचं पान उघडून तयार बसले होते. खोलीत नुसता फाटकाच्या बिजागरीचा आणि गाड्यांचा आवाज. मी घड्याळात पाहिलं, चार मिनिटं! नव्या बाई शेजारून हळूच म्हणाल्या, "बाई, इथे जरा वर बघा ना." मी म्हटलं, "माझे कान उघडे आहेत." आणि पूर्ण पानावर एकच मोठी फुली मारली.

इतिहासाच्या सरांनी पहिल्या अर्ध्या तासातच घोरायला सुरुवात केली होती. दिवे लागल्यावर बघते तर टक्क जागे. म्हणाले, "बोलणं एकदम थांबलं म्हणून जाग आली, आणि मग डोळा लागेना." सिनेमा झोपेत पाहणाऱ्याचं मतही एकच धरायचं, आणि माझंही एकच. असो.

१६ नोव्हेंबर, सोमवार

शिक्षकांच्या खोलीत नव्या बाईंशी वाजलं. वाजलं म्हणजे माझंच वाजलं. त्या आवाज चढवत नाहीत, हीच पंचाईत आहे.

मी हिशेब मांडला. एकंदर ओळी अकराशे चाळीस, सिनेमात उरल्या एकशे तीन. हा भाषेचा तास आहे, मुलांना ऐकवायचं काय? त्या म्हणाल्या, "पण बाई, शेवटी तुम्ही त्याचे हात पाहिलेत ना?"

मी म्हटलं, "हात परीक्षेला येत नाहीत."

दोघीतिघी हसल्या. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. नव्या बाई हसल्या नाहीत. थोड्या वेळाने चहाचा कप माझ्यापुढे ठेवून त्यांनी विचारलं, "घरी कसे आहेत सर?" ह्यांना कधी पाहिलेलं नाही, तरी सर म्हणतात. मी म्हटलं, "सुधारतायत. त्याचा इथे काय संबंध?" मी जरा तुसडेपणाच केला. पण समितीच्या कामात घरचं आणलेलं मला चालत नाही.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

आज ह्यांनी कार्डं उधळली. चावीचं कार्ड पुढे केलं तर डाव्या हाताने सगळा गठ्ठा ढकलून दिला. चाळीस कार्डं जमिनीवर. एकतीस वर्षांत ह्या माणसाने कधी कपसुद्धा आपटला नव्हता. मी गुडघ्यावर बसून एकेक गोळा करत होते आणि वरून ते म्हणत होते, "बरं, बरं, बरं." मला रडू आलं, मी पाठ फिरवून रडले.

लेकीचा फोन आला तेव्हा आवाज सारखा करून घेतला, पण तिला कळलंच. ती बारा तासांच्या अंतरावर राहते, वर्षातून दोनदा येते. म्हणाली, "आई, बाबांना शिकवू नकोस ग आता. नुसती बस त्यांच्याजवळ."

"बसून काय होणार? सराव तुटला की संपलं."

"अगं, ते तुझे विद्यार्थी नाहीत."

मी म्हटलं, लांबून शहाणपण सांगणं सोपं असतं. बोलून गेले आणि मग जीभ चावली. तिने फोन बाबांच्या कानाला लावायला सांगितला. लावला. दोन-तीन मिनिटं मला काहीच ऐकू येईना. फोन काढून विचारलं, "कट झाला का ग?"

"नाही, आम्ही बोलतोय. लाव परत."

बापलेक दोघेही सारखेच. लाड करून करून त्यांनी तिला आणि तिने त्यांना बिघडवून ठेवलंय.

२२ नोव्हेंबर, रविवार

चांगला दिवस. लिहून ठेवते.

सकाळी उशाजवळचं गजराचं घड्याळ बंद पडलं. मी सहज त्यांच्यापुढे ठेवलं आणि दुकान विकताना मागे ठेवलेली हत्यारांची पेटी दिली. त्यांनी डाव्या हाताने बारीक पेचकस उचलला. तीनदा निसटला, चौथ्यांदा बसला. तासभर लागला, पण घड्याळ उघडलं. चालू काही झालं नाही, आतला एक स्क्रू घरंगळून पलंगाखाली गेला आणि मी तो शोधताना डोकं आपटून घेतलं. तेव्हा ते हसले. खळाळून, अगदी पहिल्यासारखे. मीही जमिनीवर बसून हसत सुटले.

त्यांची माझी पहिली भेट भांडणातच झाली होती. दुरुस्त केलेलं घड्याळ रोज चार मिनिटं पुढे जातं म्हणून मी दुकानात तक्रार घेऊन गेले होते. ते म्हणाले होते, "तुम्ही चालताच इतक्या घाईने, त्याला तरी मागे राहायचं कसं?" मी भयंकर चिडले होते आणि आठवड्याभरात परत गेले होते, घड्याळ उत्तम चालत असताना.

खरं लिहायचं तर मला भीती वाटते. हे वाक्य त्यांचं होतं एवढं आठवतं, पण ते त्यांच्या आवाजात ऐकू येत नाही. सात महिन्यांत मी त्यांचा आवाज विसरायला लागलेय. "बरं" हा त्यांचा आवाजच नव्हे, तो कुठल्या तरी आजारी माणसाचा आहे. एक वाक्य जरी बोलले तरी मला तो परत सापडेल. लेकीला हे कसं सांगू? आणि त्या थेरपिस्ट मुलीला तर नाहीच.

संध्याकाळी त्यांना माझा अहवाल वाचून दाखवला, बारा पानी. ऐकता ऐकता त्यांनी मनगट धरलं. पानं उलटायला हात मोकळा हवा म्हणून मी सोडवून घेतलं. वाचून झाल्यावर विचारलं, "कसा झालाय?" म्हणाले, "बरं."

२६ नोव्हेंबर, गुरुवार

आज दुपारी समितीची बैठक होती. ती झाली. क्रमाने लिहिते, नाहीतर लिहिता येणार नाही.

सकाळी कार्डं केली नाहीत, वेळ नव्हता. निघताना पांघरूण नीट करायला वाकले तर त्यांनी मनगट पकडलं. मी म्हटलं, "हो हो, उशीर होतोय, कळलं." सोडेनात. मावशी सूप घेऊन उभ्या होत्या. मी म्हटलं, "अहो, सोडा ना, बैठक आहे. आल्यावर करू घड्याळ." एवढी पकड सात महिन्यांत कधी नव्हती. मला तर वाटलं, ताकद भरून येतेय! एकेक बोट उलगडून हात सोडवला आणि निघाले. जाताना मागे वळून पाहिलं का, ते आठवत नाही.

बैठकीत मी चाळीस मिनिटं बोलले. नाटक म्हणजे शब्द. शब्द काढून घेतल्यावर उरतं ते नाटक नव्हे. आपण मुलांना बोलायला शिकवतो. तोंड मिटून दुःख करायला कुठल्याही शाळेची गरज नसते. फार चांगलं बोलले असं ऐकायला येऊन बसलेल्या मोठ्या बाई म्हणाल्या. इतिहासाचे सर म्हणाले, "मला तो शेवट अजून दिसतोय हो. पण भाषेतलं तुम्हाला कळतं." नव्या बाईंनी आणलेले कागद उघडलेच नाहीत. "बाई म्हणतील तसं," म्हणाल्या आणि सही केली. सव्वातीनला निर्णय झाला. "अध्यापनास अयोग्य."

बाहेर येऊन पर्स उघडली. फोनवर मावशींचे अकरा फोन येऊन गेले होते.

इस्पितळात पोहोचले तेव्हा ते शुद्धीत नव्हते.

२९ नोव्हेंबर, रविवार

काल सकाळी ते गेले. डोळे उघडले नाहीत. मी दोन दिवस काही ना काही बोलत होते, त्यांना ऐकू येत असेल म्हणून. त्यांनी शेवटचं "बरं"सुद्धा म्हटलं नाही.

लेक पोहोचली. सगळं आटोपलं. ती शेजारच्या खोलीत झोपली आहे, मी लिहितेय. लिहिलं नाही तर दिवस खरा होत नाही, अशी मला खोड आहे.

१२ डिसेंबर, शनिवार

लेक आज परत गेली. चल म्हणत होती, मी मेमध्ये निवृत्त झाल्यावर बघू म्हटलं. ती गेल्यावर दुपारी मावशी आल्या. त्यांचा चष्मा आमच्याकडे राहिला होता.

चहा केला. दोघी त्याच खोलीत बसलो, कारण बसायची सवय तिथलीच. मावशी फार बोलणाऱ्या नाहीत. पलंगाकडे बघून म्हणाल्या, "दुपारी चैन पडायचं नाही मला इथून गेल्यावर. हाताला सवय झालेली."

मी विचारलं, कसली?

"हात धरून झोपायचे ना ते. जेवण झालं की माझा हात धरायचे. मी आपली खुर्ची ओढून बसायचे. पाच-दहा मिनिटांत डोळा लागायचा, मग मी हळूच सोडवून घ्यायचे. लहान लेकरासारखं."

मी म्हटलं, "घड्याळासाठी धरत असतील."

"कसलं घड्याळ, बाई?" मावशींनी दोन्ही हात पुढे केले. "माझ्या हातात कुठे असतं घड्याळ?"

त्या गेल्यावर मी गुणांची वही काढली. दोनशेच्या वर तारखा. घड्याळ, शून्य. घड्याळ, शून्य. घड्याळ, शून्य, लक्ष नाही. घड्याळ, शून्य, हट्ट करतात. माझ्याच सुवाच्य अक्षरात. रोज दीड तास मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसत होते आणि एकदाही जवळ बसले नाही. आणि त्या सकाळी एकेक बोट मोजून सोडवलं. त्यांना काय होतंय ते त्यांना कळलं होतं. ते मला थांबवत होते. कुणी म्हणेल, तुम्हाला कसं कळणार होतं? मावशींना कळलं होतं. त्या चौथी शिकलेल्या आहेत. लेकीला बारा तासांच्या अंतरावरून फोनवर कळलं होतं. मलाच काय धाड भरली होती?

वही फाडावीशी वाटली. नाही फाडली. ती माझ्या गुणांची वही आहे, त्यांच्या नव्हे.

१५ डिसेंबर, मंगळवार

कालपासून शाळा सुरू केली. आज मोठ्या बाईंकडे गेले. म्हटलं, सिनेमाचा माझा अभिप्राय मला मागे घ्यायचाय.

त्यांनी आधी मला पाणी दिलं. माणूस गेलंय, डोकं ठिकाणावर नसेल असं त्यांना वाटलं असणार. मग म्हणाल्या, "बाई, निर्णय कधीच वर गेला. आता तीन वर्षांनी. नियम तुमचाच आहे."

"नियम माझाच आहे, पण पत्र तरी जोडा. निर्णयाच्या फाइलीत राहू दे."

"कारण काय लिहू?"

"लिहा की अभिप्राय देणाऱ्या सदस्याने सिनेमा पाहिलेला नव्हता."

त्या हसल्या. "काहीतरीच काय! मीच खोली उघडून दिली होती तुम्हाला."

"मी खोलीत होते. मान खाली घालून पुस्तक बघत होते. शेवटची चार मिनिटं पडद्यावर काय होतं ते मला माहीत नाही. ज्याबद्दल मी चाळीस मिनिटं बोलले ते मी पाहिलेलंच नाही."

कागदावर लिहून सही करून दिलं.

नव्या बाई व्हरांड्यात भेटल्या. त्यांनाही सांगितलं. मला वाटलं चकित होतील. त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं, बाई. मी तुमच्या शेजारीच बसले होते."

"मग बैठकीत बोलला का नाहीत?"

"तुम्हाला कोण सांगणार?" त्या रागावून बोलल्या नाहीत, म्हणून जास्त लागलं. पुढे म्हणाल्या, "आणि घरी तुमचं तसं चाललेलं. मला वाटलं, तुम्हाला ते बघवत नसेल म्हणून तुम्ही पुस्तकात बघताय."

खरंच पद्धत म्हणून मान खाली होती, की भीती म्हणून? ते मला आज सांगता येत नाही. अठ्ठावीस वर्षं पद्धत तीच होती, पण "वर बघा" असं कुणी म्हणाल्यावर वर न बघण्याइतकी ती कडक नव्हती.

तीन वर्षं अकरा शाळांमधली मुलं तो सिनेमा पाहणार नाहीत. तेही माझ्यामुळे. त्याची भरपाई कशी करतात मला माहीत नाही.

१७ डिसेंबर, गुरुवार

शाळा सुटल्यावर नव्या बाईंनी सिनेमा लावून दिला. थांबू का विचारलं, मी नको म्हटलं. पुस्तक कपाटात ठेवून आले होते. हातात काही नसल्यामुळे पहिला अर्धा तास हातांचं काय करावं ते कळेना.

सगळा पाहिला. शेवटचं लिहून ठेवते.

सकाळ झालेली. मुलगी गेल्याचा निरोप त्याला फोनवर मिळतो, तो फोन खिशात ठेवतो. तेवढ्यात गाडी येते. तो फाटक उघडतो, गाडी जाते, फाटक लावतो. वहीत गाडीचा नंबर लिहितो. दुसरी गाडी. उघडतो, लावतो, लिहितो. तिसऱ्या गाडीतली बाई काच खाली करून काहीतरी विचारते, तो मान हलवतो. शाळेची बस येते, आतली मुलं त्याला हात करतात, रोज करत असणार. तो उलटा हात करतो. मग फाटक लावायला जातो आणि त्याचा हात दांड्यावरून सुटत नाही. लावायचं तर आहे, पण बोटं सुटत नाहीत. मागे गाड्या थांबतात, हॉर्न वाजतात. तो दुसऱ्या हाताने स्वतःचं एकेक बोट सोडवायला लागतो.

मी सिनेमा तिथेच थांबवला. पुढचं बघायला पंधरा मिनिटं गेली. मग बघितलं. बोटं सुटतात, तो पुढच्या गाडीचा नंबर लिहितो, आणि संपतो सिनेमा.

अडुसष्ट ओळींत हे नाही. मी त्या हजारदा वाचल्या आहेत, पाठ करून घेतल्या आहेत, त्या फार सुंदर आहेत, उद्याही मी त्या शिकवीन. पण ज्याची मुलगी गेली त्याला अडुसष्ट ओळी सुचतात कुठून, हा प्रश्न अठ्ठावीस वर्षांत मला एकदाही पडला नाही. कुणा मुलानेही विचारला नाही. विचारला असता तर "प्रस्तुत नाही" म्हणून मी त्याला खाली बसवलं असतं.

खोली बंद करून चावी दिली. नव्या बाई फाटकापर्यंत आल्या. मी निघाले. डोक्यात सगळं भरलेलं होतं: तो फाटकाचा दांडा, ती बस, माझं कसं चुकलं, कुठे चुकलं. कधी एकदा सांगते असं झालं होतं. सुरुवात कुठून करायची तेही चालता चालता ठरवलं, "अहो, ऐका, आज तुम्हाला एक गंमत सांगते, तुमच्या बाईंची चूक झाली." भराभर चालत होते. माणसं बाजूला होऊन वाट देत होती.

चौकातला दिवा लाल होता म्हणून थांबले. थांबल्यावर लक्षात आलं, की घरी ऐकायला कुणी नाही.

दिवा हिरवा झाला, लोक पुढे गेले, परत लाल झाला. उरलेला रस्ता हळू चालत आले.